नळीमागच्या काळ्या रेघा

7 ऑक्टोबर 2020. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे. कोरोनाचे स्वॅब पाठवायची घाई चालली होती, तेवढ्यात एक बाप नऊ वर्षांच्या लेकीला उचलून घेऊन आला. सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. एसएस पॅटर्न, म्हणजे दोन्ही जनुकं सदोष. पाय इतके दुखत होते की ती रडतही नव्हती, नुसती कण्हत होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं.

आई माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, सासू म्हणते, माह्याच रक्तात खोट हाय. खरं हाय का?"

हा प्रश्न मी किती जणींकडून ऐकलाय! दर वेळी संताप होतो. एसएस मुलाला एक सदोष जनुक आईकडून मिळतं आणि एक बापाकडून. दोघंही वाहक, म्हणजे प्रत्येकाकडे एकच सदोष जनुक. तरी बोल लागतो तो बाईलाच.

मी नवऱ्याला बोलावलं. "मले काय झालं? मी धडधाकट हाय," तो म्हणाला. वाहक धडधाकटच असतो, हे समजावून बोटातून रक्त घेतलं. सोल्युबिलिटी टेस्टची, म्हणजे सिकलसेलच्या झटपट चाचणीची, नळी त्याच्याच हातात दिली. मागे काळ्या रेघांचा कागद धरला. पाच मिनिटांत द्रावण गढूळ झालं, रेघा दिसेनाशा झाल्या, म्हणजे सदोष हिमोग्लोबिन त्याच्याही रक्तात. पक्का रिपोर्ट हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीचा, पण तो काय समजायचं ते समजला. बराच वेळ नळीकडेच बघत राहिला.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला मोबाइलवर बातमी आली: रसायनशास्त्राचं नोबेल इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांना. दोन बायकांनी मिळून, सोबत पुरुष नसताना, विज्ञानातलं नोबेल घेण्याची ही पहिलीच वेळ. शार्पेंटिए घसा सुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस जंतूवर काम करत होत्या. डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा करताना मी हा जंतू ब्लड अगारवर, म्हणजे रक्त घातलेल्या जेलीवर, वाढवलाय. भोवतालच्या लाल पेशी फोडून तो स्वच्छ वर्तुळ करतो. त्याच जंतूकडे विषाणूचा डीएनए कापणारी कात्री आहे, कॅस-9. 2011 मध्ये दोघी प्वेर्तो रिकोतल्या एका परिषदेत भेटल्या आणि 2012 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की मार्गदर्शक आरएनए बदलला की ही कात्री हव्या त्या जागी चालवता येते. रक्तपेशी फोडणाऱ्या जंतूकडून रक्त सुधारायचं हत्यार! माझ्या अंगावर काटा आला.

मी तशीच वॉर्डात गेले. आईला सांगितलं, अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे नावाच्या सिकलसेलच्या बाईला 2019 मध्ये याच कात्रीचा उपचार दिलाय. तिच्याच मज्जेतल्या पेशी काढून त्यातलं एक बटण कापतात, मग गर्भात असताना बनणारं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. आधी जबर केमोथेरपी घ्यावी लागते, हेही लपवलं नाही.

"बायांनी शोधलं?" तिने दोनदा विचारलं. मग, "आपल्याकडे कधी येईन?"

मी गप्प राहिले. पुढे डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने या उपचाराला मंजुरी दिली, किंमत 22 लाख डॉलर. आमच्या मुलीला आजही हायड्रॉक्सियुरियाच, दुखण्याचे झटके कमी करणारं जुनं औषध.

संध्याकाळी दुखणं उतरलं. निघताना बाप लॅबच्या दाराशी थांबला. "मॅडम, माह्या टेस्टची चिठ्ठी द्या. मायले दाखवतो."