जनरेटरची ट्रॉली जोडून नागपूर ते छिंदवाडा

ऐन लग्नसराईत छिंदवाड्याचं काम आलं, अन् डिझेल जनरेटरची दोनचाकी ट्रॉली पिकअपला जोडून न्यायचं ठरलं. पिकअप 1.7 टन माल न्यायच्या पासिंगची (म्हणजे आरसीवर मंजूर वजनाची), ट्रॉलीचं वजन दीड टनाच्या थोडं वर. ट्रॉलीचं वजन ट्रॉलीच्या चाकांवर, गाडीला त्याचं काय, असं बरेच जण म्हणतात. तसं नाही. हुकवर निदान दहावा हिस्सा यायलाच हवा, नाहीतर वेग धरला की ट्रॉली झोकांड्या खाते. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलो गाडीच्या पासिंगमधूनच वजा. शिवाय हे वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे येतं, त्यामुळे पुढची चाकं हलकी होतात.

नागपूरजवळ वाडीला कमानवाल्याकडे पिकअपच्या मागच्या कमानीचे (स्प्रिंगचे) थकलेले पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या, बदलून घेतले. जादा पाट्याचं विचारलं, तर हसला. "भाऊ, पाटे चढवून देतो ना मी, पण आरसीवरचा आकडा थोडीच चढते?" लाख बोलला. जादा पाट्यानं गाडी मागून बसत नाही, इतकंच. ॲक्सल, ब्रेक, टायर तेच. रिकामी गाडी उडते ते वेगळं. आणि ओव्हरलोडला 2019 पासून दंड 20,000 रुपये, वर दर जादा टनाला 2,000, शिवाय माल तिथंच उतरवा.

त्यापेक्षा धरमकाट्यावर दोन पावत्या जास्त फाडा. आधी नुसती पिकअप. मग ट्रॉली जोडून, पण ट्रॉलीची चाकं काट्याच्या खाली जमिनीवर ठेवून. दोन्हींतला फरक म्हणजे हुकवरचं वजन. आमचं भरलं 90 किलो! केबलची बंडलं अन् डिझेलचा ड्रम ट्रॉलीच्या मागच्या टोकाकडून पुढे सरकवला, तेव्हा 170 झालं. तेवढं पासिंगमधून गेलं, म्हणून मंडपाचे पाइप पिकअपमध्ये न टाकता वेगळ्या गाडीनं पाठवले.

पहाटे निघा. एप्रिलातल्या नागपूरच्या उन्हात टायरवर भार टाकू नये, आणि हवा टायर थंड असतानाच बघा. सावनेरला चहा, सौंसरपर्यंत काही अडचण नाही. (जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला वळणार असाल तर वळायला मोकळी जागा बघूनच आत शिरा, जोडगाडी रिव्हर्स घेणं म्हणजे नमुना असतो.) सौंसरच्या पुढे सिल्लेवानी घाट. जाताना चढ आहे, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी निमूट चढली. खरी गंमत येताना. आमच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, त्यामुळे उतारात ती मागून ढकलते. ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा; ब्रेक दाबून धरू नका, थोडा मारा अन् सोडा. वळणावर ट्रॉलीची चाकं आतून कापतात, म्हणून जरा बाहेरून घ्या. घाट उतरल्यावर थांबून पिकअपच्या मागच्या ब्रेक ड्रमजवळ हात नेऊन बघितला. गरम होते, पण जळका वास नव्हता.

ट्रॉलीची आरसी अन् विमा वेगळा लागतो, सीमेच्या आधी हाताशी ठेवा. हुकखालून साखळ्या एकमेकींवरून तिरक्या अडकवा, आणि चाकांना लावायचे लाकडी ठोकळे केबिनमध्येच असू द्या.