शेवटी पानी येते

कुरडयांची राखण हे काम आमच्या घरी ज्याला दुसरं काही धड येत नाही त्याच्याकडे देतात, म्हणून दरवर्षी ते माझ्याकडे येतं. गच्चीवर जुनं लुगडं अंथरलेलं, चार कोपऱ्यांवर चार विटा, आणि मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत. एका हातात कावळे हाकलायला तुराटी, दुसऱ्या हातात पेन्सिल. मांडीवर मागच्या सालची एक लग्नपत्रिका, उपडी. पुढच्या बाजूला 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' आणि मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या अक्षरात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक, सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, सर्वोत्कृष्ट ध्वनी.

ऑस्कर आणि कुरडया एकाच हंगामात येतात, त्याला मी काय करू?

पैज नागपूरच्या भाचीशी असते. मी हरले तर एक किलो कुरडया, ती हरली तर एक किलो संत्रा बर्फी. तेवीस-चोवीस पुरस्कार, एकेका ओळीत एकेक नाव. पेन्सिल अशासाठी की आदल्या रात्रीपर्यंत खोडता येतं. पाकीट उघडल्यावर मात्र खोडरबराला हात लावायचा नाही. २०१७ साली त्यांनी चुकीचं पाकीट उघडून 'ला ला लँड'चं नाव वाचलं, ती मंडळी स्टेजवर चढून आभार मानायला लागली आणि मग कळलं की नाही हो, 'मूनलाइट'. वरात भलत्याच मांडवात शिरावी तसं. त्या सोमवारी सकाळी दोन मिनिटं मी एक किलो संत्रा बर्फी जिंकलेली होती.

यातला एकही सिनेमा मी पाहिलेला नसतो. लोक हसतात. पण पिक्चर पाहिला की अंदाज बिघडतो हो, तो आवडून बसतो. त्यापेक्षा भाव ऐकावा. तिकडे दिग्दर्शकांची एक संघटना आहे. तिचा पुरस्कार ज्याला मिळतो, बहुतेक वेळा ऑस्करही त्यालाच. नटांची वेगळी संघटना, निर्मात्यांची वेगळी, शिवाय इंग्रजांचा बाफ्टा. आमच्याकडचा व्यापारी आधी खामगावचा भाव विचारतो आणि मग आपलं तोंड उघडतो, तसंच.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं गणित तेवढं निराळं. तिथं एक शिक्का मारून चालत नाही, क्रम द्यावा लागतो. पहिल्या पसंतीची सगळ्यात कमी मतं ज्याला, तो बाद. त्याच्या कागदांवरची पुढची पसंती बाकीच्यांना वाटायची. कोणी निम्म्याच्या वर जाईपर्यंत असंच. हे मला कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, कारण आमचे हे हायस्कुलात विज्ञान शिकवतात आणि अमरावतीच्या शिक्षक मतदारसंघात मत देतात, तिथंही असाच पसंतीक्रम असतो. २०२० च्या डिसेंबरात ती मोजणी संपता संपेना. हे फोन कानाला लावून ओसरीवर येरझारा घालत होते, "आता कोन बाद झाला?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्याच्यावर कोणाचा फार जीव नाही आणि ज्याचा कोणाला रागही नाही, असा एखादा हळूहळू वर सरकतो. पत्रिकेवर मी तोच लिहिते.

अंदाज करायची ही खोड मात्र माहेरची. माझं माहेर बुलढाण्याच्या जळगाव जामोद तालुक्यातलं, भेंडवळ तिथून जवळ. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, संध्याकाळी तिथं पाऊसपाण्याचा अंदाज बघायला वावरात घट मांडतात. तीनशे वर्षांहून जुनी रीत, वाघांच्या घराण्यात चालत आलेली. गोल आखून कडेनं अठरा धान्यं: अंबाडी, सरकी, ज्वारी, तूर, भादली, मसूर. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर पाण्यानं भरलेली घागर आणि घागरीवर पुरी, पापड, सांडोई, कुरडई, पानाचा विडा. रात्री तिथं कोणी थांबत नाही. पहाटे येऊन बघायचं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणते दाणे जागेवरून सरकले. विडा म्हणजे राजा. विडा हलला की गादी हलली.

बाबा दरवर्षी जायचे, मला बंडीत घालून न्यायचे. पहाटेच्या गार वाऱ्यात माणसांच्या पायांमधून मी बघायची. सगळ्यांचे डोळे ढेकळांवर, माझे कुरडईवर. रात्रभर दवात पडून ती बिचारी मऊ झालेली असायची.

"रात्री उंदीर आला आन् त्यानं पान हालवलं तं?" मी एकदा विचारलं.

"मंग?"

"मंग राजा उंदरानं पाडला ना."

बाबांनी जरा विचार केला. "पन उंदराले कोन पाठवते?"

याला आमच्या घरच्या विज्ञान शिक्षकांकडेही अजून उत्तर नाही. त्यांचं म्हणणं, हे सगळं अंनिसवाल्यांना दाखवा. तिकडे ऑस्करला पीडब्ल्यूसी नावाच्या हिशेब तपासणाऱ्या कंपनीचे दोन हिशेबनीस काळ्या बॅगांत पाकिटं घेऊन येतात, ते त्यांना चालतं.

'मदर इंडिया'चं ऑस्कर १९५८ साली एका मतानं हुकलं, असं आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला एकच कळत नाही. अकादमी मतांचे आकडे कधी जाहीरच करत नाही. मग ते एक मत मोजलं कोणी? ग्रामपंचायतीला एका मतानं पडलेला माणूस मी पाहिला आहे. तो त्या एका माणसाचं नाव घेऊन वीस वर्षं शिव्या देतो. नाव नसलेलं एक मत म्हणजे नुसती हुरहुर, आपल्याला आवडते तशी.

२००२ च्या मार्चात मी आठवीत होते. 'लगान' सगळ्या गावानं एकाच अंगणात पाहिला होता, तालुक्याहून भाड्यानं आणलेल्या सीडीवर. ती सीडी ठरलेल्या ठिकाणी अडकायची, त्यामुळे आमच्या गावच्या 'लगान'मध्ये भुवन एकच चेंडू चारदा मारतो. पण दुष्काळ, सारा, आभाळाकडे लागलेली मान, हे काही कोणाला समजावायला लागलं नाही. शेवटच्या पाच नावांत तो आल्याचं पेपरात वाचलं तेव्हा पारावर एकमत झालं: भेटलंच म्हणून समजा.

बाबा म्हणाले, "नाही भेटत."

"काऊन?" पोट्टे चिडले.

"पिक्चर चांगला हाये. पन शेवटी पानी येते."

"मंग? येऊ नये का?"

"सारा बी माफ आन् पानी बी? दोन्ही एकाच दिवशी? त्यायले खरं नाही वाटनार."

अकरा अकरा रुपयांच्या तीन पैजा लागल्या. सोमवार होता, वीज नव्हती, म्हणून रेडिओला नवे सेल घालून ठेवले होते. बातमी आली तेव्हा पारावर कोणी काही बोललं नाही. बोस्नियाचा 'नो मॅन्स लँड' म्हणून कुठला तरी सिनेमा. बाबांनी तेहतीस रुपये घेतले, त्यांची भजी आणली आणि हरलेल्यांनाच खाऊ घातली.

तो सिनेमा मी लग्नानंतर कितीतरी वर्षांनी पाहिला. त्यात खंदकात एक शिपाई सुरुंगावर पडलेला असतो, उठला की सुरुंग फुटणार. शेवटी फौजा, पत्रकार सगळे निघून जातात आणि तो तसाच पडून राहतो, आभाळाकडे बघत. पाऊसबिऊस काही येत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, बरोबर होतं तुमचं."

आणि ह्याच माणसानं त्याच साली, मृगाच्या पहिल्या सरीला, धुऱ्यावरच्या शेजाऱ्यानं थांब म्हटलेलं असताना, सगळ्या वावरात सरकी टोबून घेतली.

"पानी येईन ना?" आईनं विचारलं.

"येते ना. कुठी जाते?"

आला नाही. त्या साली दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यांनीच पाऊस चांगला सांगितला होता. देशभर सरासरीच्या ८१ टक्के पडला, आणि जुलैत तर जेमतेम निम्मा. कोंब वर आले, दोन पानांवर करपले. दुबार पेरणीला बियाणं घ्यायचं म्हणून आईच्या गळ्यातली पोत गेली आणि तिथं काळा दोरा आला. त्या दोऱ्यात आईनं दोन काळे मणी आपल्या हातानं ओवले, कंदिलाच्या उजेडात. सुईत दोरा मी घालून दिला होता, ते आठवतं.

दोन वर्षांनी भारताकडून 'श्वास' गेला, आणि तिकडे प्रचाराला पैसे लागतात म्हणून महाराष्ट्रभर मदत गोळा झाली. आमच्याकडेही कोणी डबा घेऊन आलं. बाबांनी दहाची नोट घातली आणि त्या पोराला थांबवून सांगितलं, "पैसे घे बाबू. भेटन असं नाही म्हनत मी." 'श्वास' शेवटच्या पाचांत आला नाही. पारावरची माणसं तोवर बाबांना ऑस्करच्या बाबतीत मानायला लागली होती. पेरणीच्या बाबतीत कोणी विचारायचं नाही.

माझ्या पत्रिकेवर मी मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे 'मिळावं', उजवीकडे 'मिळेल'. भाची म्हणते, मावशी, डावीकडच्याला गुण नाहीत, तो रकाना कशाला? असू दे. यंदा डावीकडे फक्त एक नाव आहे, एका म्हाताऱ्या नटाचं. त्याचा फोटो पाहिला. कपाळ बाबांसारखं आहे, बाकी काही नाही.

"आभाळ आलं वं," जिन्यातून सासूबाईंचा आवाज. "पानी येईन का? पाय बरं."

मी वर पाहिलं. सातपुड्याच्या अंगाला ढगांची काळपट कड होती. मार्चातला पाऊस नुसता येत नाही, गारा घेऊन येतो. खाली कुरडया वरून कडक, पोटात ओल्या. तीन दिवस भिजवलेले गहू, पहाटे चारला शिजवलेला चीक, सोऱ्या दाबून दाबून तळहाताला आलेला फोड. अजून दोन तास ऊन लागलं की काम फत्ते. पाऊस येऊ नये असं मला इतकं वाटत होतं, इतकं वाटत होतं की मी म्हटलं, "येईन, आत्याबाई. उचला."

दोघींनी लुगड्याची टोकं धरली. जिन्यात माझा पाय पत्रिकेवर पडला. खालच्या खोलीत बाजेवर सगळं पसरलं, पंखा लावला, आणि वीज गेली.

पाऊस आला नाही. ढग पंधरा मिनिटांत कुठं विरले कळलं नाही, आणि मग दिवस मावळेपर्यंत असं कडक ऊन पडलं की शेजारणीच्या कुरडया खुळखुळ वाजत होत्या. आमच्या सकाळपर्यंत आंबूस झाल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त एक तळून माझ्या ताटात वाढली.

भाचीला एक किलो कबूल आहे. जिंकले तरी ह्याच पाठवते.