चाऱ्यात आहे काय? चिपळूणच्या आमच्या छोट्या लॅबची वाटचाल

नमस्कार मंडळी. फोनवर बरेच जण विचारतात की चारा तपासायची लॅब आणि ती पण चिपळूणात, हे कसं काय, घाटावर टाकली असती तर गिऱ्हाईक कितीतरी जास्त मिळालं असतं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

मी केमिस्ट्रीवाला. लोट्याच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला बरीच वर्षं होतो, ओव्हन, काटा, टायट्रेशन हेच रोजचं काम. बायको जनावरांची डॉक्टर, तिचं फिरणं गुहागर, खेड, दापोली या बाजूच्या गावांत. ती घरी आली की एकच तक्रार, की अर्ध्या गाई आजारी नाहीत, उपाशी आहेत. माजावर वेळेवर येत नाहीत, गाभण राहत नाहीत, दूध चढत नाही, आणि मालक म्हणतो मॅडम चारा तर भरपूर आहे हो, बघा की सगळीकडे हिरवंगार. ती विचारायची, तुम्ही लोक कंपनीत पावडरच्या प्रत्येक पोत्याचा रिपोर्ट काढता ना, मग या गवताचा का नाही काढत कोण? त्यावरूनच सगळं सुरू झालं.

आता हिरव्या गवताचा हिशोब बघा. भर पावसातल्या गवतात 80 टक्के पाणी, कधी त्याहून जास्त. 30 किलोचा भारा गाईपुढे टाकला तर त्यात कोरडा भाग 6 किलोच. 400 किलोच्या संकरित गाईला दिवसाला 10 ते 12 किलो कोरडा भाग लागतो. म्हणजे पोट टम्म दिसतंय पण निम्मीच भूक भागली. आणि पावसाळा संपला की उरतो भाताचा पेंढा, त्यात प्रोटीन जेमतेम 3-4 टक्के, राख भरपूर आणि राखेत बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. गाईच्या पोटातल्या जंतूंना चारा पचवायला एकूण खाण्यात साधारण 7 टक्के तरी प्रोटीन लागतं, त्याच्या खाली गेलं की पचन मंदावतं आणि मग जनावर खातंच कमी. कोकणात चाऱ्याचा ढीग कमी नाहीये, त्यातला कस कमी आहे आणि तो डोळ्याला दिसत नाही, हे आम्ही इतकी वर्षं जीव तोडून सांगतोय.

2014 ला नोकरी सोडली. बाजारपेठेत एक गाळा भाड्याने घेतला, ओव्हन, मफल फर्नेस म्हणजे नमुना जाळून राख काढायची भट्टी, दळायची मिल आणि प्रोटीनसाठी केल्डालचा सेट, बँकेचं थोडं कर्ज आणि थोडे घरचे पैसे. केल्डाल म्हणजे 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये निघालेली पद्धत, बार्लीचं प्रोटीन मोजायला काढलेली, आणि आजही जगभर चाऱ्याला तीच चालते. ग्रॅमभर दळलेला नमुना घ्यायचा, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये 400 अंशाच्या वर तापवून पार विरघळवायचा, मग कॉस्टिक टाकून अमोनिया उडवायचा, तो बोरिक ॲसिडमध्ये धरायचा आणि टायट्रेट करायचा, म्हणजे माहीत असलेल्या ताकदीचं ॲसिड थेंबाथेंबाने टाकून तो किती आहे ते मोजायचं. आलेल्या नायट्रोजनला 6.25 ने गुणलं की प्रोटीन. तंतूसाठी अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या व्हॅन सोस्ट यांची डिटर्जंटची पद्धत वापरतो, तिच्यातून एनडीएफ (एकूण तंतू) आणि एडीएफ (त्यातला पचायला जड भाग) मिळतात, पहिल्यावरून जनावर किती खाईल याचा अंदाज येतो आणि दुसऱ्यावरून किती पचवेल याचा.

हे सगळं पुस्तकात सोपं आहे पण कोकणातल्या जुलैत करून बघा. दळलेला नमुना टेबलावर ठेवला की हवेतलं पाणी ओढून घेतो, काट्यावर आकडा तुमच्या डोळ्यादेखत वर चढतो, त्यामुळे ओव्हनमधून डेसिकेटर (ओल न लागू देणारं बंद भांडं), डेसिकेटरमधून काटा, मध्ये बोलायला पण थांबायचं नाही. आणि लाईट. डायजेशन, म्हणजे ते ॲसिडमध्ये विरघळवणं, अर्ध्यावर असताना लाईट गेली तर हीटरचा भार इन्व्हर्टर उचलत नाही. शेवटी जनरेटर घेतला, महाग पडला पण त्याशिवाय पावसाळ्यात रिपोर्टवर सही करायची हिंमत झाली नसती.

पहिली दोन वर्षं शेतकरी आलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. आले ते खाद्य विकणारे दुकानदार, त्यांना पोत्यावर लिहिलेलं प्रोटीन खरंच आहे का ते बघायचं होतं. तिथे आम्ही एक गोष्ट पहिल्यापासून पाळली, केल्डाल नायट्रोजन मोजतो, तो प्रोटीनचा आहे की युरियाचा हे त्याला कळत नाही. युरियात 46 टक्के नायट्रोजन, म्हणजे 100 किलो खाद्यात 1 किलो युरिया मिसळला तरी कागदावर प्रोटीन जवळजवळ 3 टक्क्यांनी वाढतं. चीनमध्ये 2008 ला दुधात मेलामाईन घातलं होतं ते याच फटीचा फायदा घेऊन. म्हणून पोत्यातल्या खाद्याची युरियाची टेस्ट आम्ही वेगळी लावतोच, गिऱ्हाईकाने मागितली नसली तरी.

मग 22 जुलै 2021. चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी गाळ्यात छताला लागलं, ओव्हन गेला, काटा गेला, रजिस्टरं गेली. जुन्या कंपनीतल्या मित्रांनी त्यांचा वापरात नसलेला काटा आणून दिला, ते मी विसरणार नाही. आता लॅब वरच्या अंगाला आहे, पहिल्या मजल्यावर. त्या महिन्यात लोक भिजलेला, बुरशी आलेला पेंढा घेऊन यायचे, सर वाळवून घातला तर चालेल का, आणि आम्ही प्रत्येकाला टेस्ट न करता, पैसे न घेता सांगितलं की नको घालू, काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन तयार करतात, ते वाळवून जात नाही आणि गाईच्या पोटातून पुढे दुधात उतरतं. शेतकरी खरे यायला लागले ते त्यानंतर.

सगळ्यात जास्त शिकवलं ते डोंगरातल्या गवताने. एकाच वरकस जमिनीवरचं गवत, फुलोऱ्यात असताना कापलं तर प्रोटीन 6-7 टक्के, तेच दिवाळीनंतर पिवळं पडल्यावर कापलं तर 3-4 वर आलेलं. काडी तीच, कष्ट तेच, मजुरी पण तीच. मग लोक उशिरा का कापतात? कारण हस्ताचा पाऊस. सप्टेंबरात कापलेलं गवत वाळवायचं कुठे हो? यावर आम्ही दोनच उपाय सांगतो, बांबूच्या तिपाईवर टांगून वाळवा म्हणजे जमिनीची ओल लागत नाही, किंवा मुरघास करा, म्हणजे हिरवा चारा हवाबंद भरून आंबवून ठेवा. आणि पेंढाच घालायचा असेल तर 100 किलोला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात विरघळवून थराथराने मारायचा, प्लास्टिकखाली हवाबंद 21 दिवस ठेवायचा, प्रोटीन 7 च्या आसपास जातं. घालायच्या आधी उघडा पसरून वास जाऊ द्यायचा आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना घालायचा नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा.

बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला पण एकदा तपासून घ्या असं मी प्रत्येक शेळीवाल्याला सांगतो, 20 टक्क्यांच्या वर प्रोटीन फुकटात उभं आहे. ताजा खात नसतील तर रात्रभर सुकवून घाला. आंब्याच्या कॅनिंगमधली कोय किंवा काजूच्या बोंडाचा चोथा आणला तर रिपोर्टखाली टॅनिनची टीप असतेच, कारण टॅनिन हे तुरट द्रव्य प्रोटीनला धरून ठेवतं, केल्डालला ते दिसतं पण जनावराला सगळं मिळत नाही.

मित्र म्हणतात एनआयआर मशीन घे, इन्फ्रारेड प्रकाशाने नमुना तपासणारं, दोन मिनिटांत आकडे येतील. येतील की. पण ते मशीन आधी ओल्या केमिस्ट्रीने तपासलेल्या नमुन्यांवर शिकवावं लागतं, आणि आमच्या सड्यावरच्या गवतांचे तसे पुरेसे नमुने कुणाकडे आहेत? आम्ही प्रत्येक रिपोर्टसोबत गाव, कापणीची तारीख, गवताचं नाव लिहून ठेवतोय, पुरात गेलेलं सोडून पुन्हा पहिल्यापासून. पुरेसे जमले की मशीन घेऊ.

यंदा भर मुरघासावर आहे. पावसातलं गवत थेट बॅगेत भरलं तर सडतं, म्हणून सुका पेंढा मिसळून ओलावा 65-70 टक्क्यांवर आणायचा आणि थोडं गुळाचं पाणी, आणि उघडल्यावर पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, 4.2 च्या आसपास आहे का ते बघायचं. नमुना आणताना बॅगेच्या तोंडाचा नको, आतून चार-पाच ठिकाणचा मिळून अर्धा किलो, प्लास्टिकच्या पिशवीत हवा दाबून काढून, आणि त्याच दिवशी. लांबून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करा, ओव्हनमध्ये जागा राखून ठेवतो.