तुम्ही विचारलेत म्हणून: दही-ताकाने प्रतिकारशक्ती वाढते का?

मी फोंड्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे पावसाळ्यात घरोघरी सर्दी-ताप सुरू झाला की दही-ताकाने प्रतिकारशक्ती खरोखर वाढते का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझे उत्तर असे की त्यांचा उपयोग होतो, मात्र त्यांतले जिवाणू जिवंत असतील आणि ते नियमित पोटात जात असतील तरच.

आपल्या प्रतिकारक पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो, कारण अन्नाबरोबर येणाऱ्या असंख्य परक्या गोष्टींशी त्यांची गाठ तिथेच पडते. आतड्यातले जिवाणू तंतुमय पदार्थांपासून ब्यूटिरेटसारखी आम्ले तयार करतात. ती आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि प्रतिकारक पेशींना विनाकारण भडकू देत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ३६ निरोगी प्रौढांच्या अभ्यासात दहा आठवडे भरपूर आंबवलेले अन्न खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी (शरीरातल्या सुजेशी) संबंधित १९ प्रथिने कमी झाली. अभ्यास लहान होता आणि त्यावरून सर्दी टळते असे सिद्ध होत नाही, तरीही मला तो महत्त्वाचा वाटतो.

गोव्यात आंबवलेल्या पदार्थांना तोटा नाही, पण इथेच अनेकांची गल्लत होते. सुरेने (माडीने) आंबवलेल्या पिठाच्या सान्ना, म्हणजे इडलीसारखा पदार्थ, पचायला हलक्या असतात, परंतु वाफवताना त्यांतले जिवाणू मरतात. सोलकढीचा आंबटपणा भिरंडाच्या (कोकमाच्या) सोलांचा असतो, आंबवण्याचा नव्हे. चेपणीच्या तोरांत (खारवलेल्या कैऱ्यांत) मीठ इतके असते की त्यांतले जिवाणू फारसे वाढत नाहीत, आणि रक्तदाब असलेल्यांनी तर ती बेतानेच खावीत. राहते ते घरी विरजलेले दही आणि त्याचे ताक. त्याची कढी केली की हा लाभ जातो, म्हणून ताक न तापवता, जेवणाच्या शेवटी प्यावे. सोबत अळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोंडाक, म्हणजे रस्साभाजी, किंवा एखादी पालेभाजी असावी, कारण आतड्यातल्या जिवाणूंनाही खाद्य लागते.

ज्यांची केमोथेरपी चालू आहे किंवा अवयवरोपण झाले आहे, त्यांनी प्रोबायोटिकच्या (जिवंत उपयुक्त जिवाणूंच्या) कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. अशा रुग्णांत क्वचित हेच जिवाणू रक्तात शिरून संसर्ग करू शकतात.