डान्को बेट आणि नकाशावरची नावं

दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक पॅसेज या समुद्रात बोट लागली आणि मी पडून राहिले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या डान्को बेटाबद्दल.

एरेरा चॅनलमधलं हे बेट जेमतेम दोन किलोमीटर लांब. वस्ती नाही. 1956 साली ब्रिटिशांनी इथे तळ उभारला, तो 1959 मध्ये बंद झाला. पुढे खोपटंही काढून नेलं. आता जेंटू पेंग्विन किनाऱ्यापासून पार वरपर्यंत बर्फात वाटा पाडून चढतात, आणि सगळ्यांचे कॅमेरे त्या वाटांवर. उतरण्याआधी बूट धुवा, पेंग्विनांपासून पाच मीटर लांब राहा, हे नीट बजावलं गेलं. बेटाच्या नावाबद्दल मात्र अवाक्षर नाही. मला ते फार लागलं.

एमिल डान्को हा बेल्जियन तोफखान्यातला लेफ्टनंट. आद्रियां द जेर्लाशच्या ‘बेल्जिका’ जहाजावरच्या अंटार्क्टिक मोहिमेत चुंबकीय मोजमापं त्याच्याकडे होती. 1898 च्या सुरुवातीला ही सगळी किनारपट्टी त्यांनी पालथी घातली आणि मार्चमध्ये बेलिंग्सहाउसेन समुद्रात जहाज बर्फात अडकलं. मे महिन्यात मावळलेला सूर्य जुलैपर्यंत दिसला नाही. डान्कोचं हृदय दुबळं होतं. 5 जूनला तो गेला, तिशीही न गाठता. सोबत्यांनी बर्फात भोक पाडलं आणि वजन बांधून त्याला समुद्राच्या स्वाधीन केलं.

आता आजूबाजूची नावं बघा. एरेरा हे ब्रुसेल्सचे प्राध्यापक, मोहिमेचे पाठीराखे. समोरचं राँजे बेट देणगीदार बाईंच्या नावाचं. क्युव्हरव्हिल बेट एका फ्रेंच व्हाइस अ‍ॅडमिरलचं. पैशाशिवाय जहाज निघालं नसतं, हे मान्यच. जेर्लाशने किनाऱ्याला डान्कोचं नाव दिलं होतं. पण बेटावर ते ब्रिटिश नामकरण समितीने 1960 साली, म्हणजे साठेक वर्षांनी घातलं. ज्याने जीव दिला त्याला इतका उशीर व्हावा, हे मला पटत नाही.

पुढे विन्के बेट लागलं. कार्ल ऑगस्ट विन्के हा त्याच मोहिमेतला तरुण खलाशी, 22 जानेवारी 1898 ला वादळात समुद्रात पडून गेला. इथेही पुन्हा सगळं बोलणं पेंग्विनांचंच. शेवटी मीच हात वर करून विचारलं. मार्गदर्शकाला सगळं ठाऊक होतं, त्याने भरभरून सांगितलं. लोकही जागचे हलले नाहीत. मग हे आपणहून का सांगत नाहीत?