आमची वाटचाल: आधी फाईल, मग पार्ट

सांगलीत विश्रामबागला कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान थाटलं तेव्हा विंडोज एक्सपीचा जमाना होता. सायबर कॅफे, डीटीपीवाले, कॉम्प्युटर क्लास ही आमची गिऱ्हाईकं. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने यायचा. सकाळी बॉक्स उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळच्या आत मशीन जोडून द्यायचं. ब्रँडेडपेक्षा चार पैसे कमी, एवढंच आमचं भांडवल. पुढे ऑनलाइन भाव ज्याच्या त्याच्या मोबाईलवर दिसायला लागले आणि त्यातली हवाच गेली.

धंद्याला वळण मिळालं ते कुपवाड एमआयडीसीतल्या, पंपाचं डिझाइन करणाऱ्या एका गिऱ्हाइकामुळे. त्यांनी १६ कोअरचं, म्हणजे प्रोसेसरमध्ये एकाच वेळी काम करणारे १६ भाग असलेलं, महागडं मशीन घेतलेलं, तरी सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी असेंब्ली (अनेक पार्ट जोडलेलं मॉडेल) उघडून एक माप बदललं की सगळं ठप्प. त्यांच्याच टेबलावर बसून आम्ही टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा वापर जेमतेम ३-४ टक्के! मग ३२ थ्रेडचे (एका कोअरमागे कामाचे दोन धागे) ३२ आलेख वेगवेगळे करून पाहिले. एकच माथ्याला भिडलेला, बाकीचे जवळपास आडवे. आधी भोकाचं माप ठरल्याशिवाय त्यावरचा चॅम्फर (तिरका कापलेला काठ) ठरत नाही, त्यामुळे हे काम कोअरमध्ये वाटून देताच येत नाही. त्यांना कोअर निम्मे चालले असते, क्लॉक स्पीड, म्हणजे एकेका कोअरचा वेग, जास्त हवा होता.

तेव्हापासून दुकानाचा शिरस्ता पडला. कोटेशन हवं तर पार्टची यादी नको, रोज ज्यावर काम करता ती फाईल आणा. ती आमच्या बेंचवर उघडतो, फिरवतो, बदलतो आणि नेमकं काय अडतंय ते गिऱ्हाइकालाच दाखवतो. ड्रॉइंग बाहेर न्यायची परवानगी नसेल तर आम्ही मशीन घेऊन त्यांच्याकडे जातो.

आर्किटेक्टचं गणित उलटं. ऑटोकॅड बहुतांशी एका कोअरवर चालतं, पण व्ही-रे हे सॉफ्टवेअर प्रोसेसरवर रेंडर, म्हणजे डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र, करायला लागलं की असतील तेवढे कोअर राबवून घेतं. तिथे १६ कोअरचा पैसा वसूल होतो. रेंडर ग्राफिक्स कार्डावर करायचा असेल तर आधी कार्डाची मेमरी बघायची. बंगल्याचा सीन झाडं-फर्निचरसकट त्या मेमरीत मावला नाही, तर कार्ड कितीही दमदार असो, काम रेंगाळतं नाहीतर अडतं.

लग्नाचे व्हिडिओ करणारे स्टुडिओवाले विट्या-जतेहून येतात. ‘दादा, कार्ड मोठं टाका, बाकी काय पण चालंल,’ हे ठरलेलं वाक्य. कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्ये (रंगाची जास्त माहिती ठेवणारा प्रकार) एच.२६५ या दाबून लहान केलेल्या फॉरमॅटमध्ये शूट करत असेल तर टाइमलाइन अडखळते ती हे फूटेज उलगडताना. एनव्हिडियाच्या कार्डांना असं फूटेज झटपट उलगडायची सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० सीरिजपासून मिळाली. इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्समध्ये ती आधीपासून आहे. म्हणून जुन्या कार्डावर निभावणाऱ्यांना आम्ही नावाच्या शेवटी ‘एफ’ नसलेला प्रोसेसर देतो. एफवाला स्वस्त पडतो खरा, पण त्यात ग्राफिक्सच नसतं.

रॅमच्या चार जागांपैकी दोन रिकाम्या दिसल्या की गिऱ्हाईक हटकतंच. डीडीआर५ या प्रकारच्या रॅममध्ये चारही भरल्या की बोर्ड बहुधा वेग खाली आणतो. म्हणून ६४ जीबी हवी तर ३२ च्या दोनच काड्या.

फाउंड्रीतल्या मशीनचा कॅबिनेट उघडला की हाताला काळी पूड लागते. तिच्यात लोखंडाचे कण असतात, बोर्डावर साचले की शॉर्ट व्हायची भीती. तिथे हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त लावतो आणि आत घेणाऱ्या प्रत्येकापुढे फिल्टर, म्हणजे फटीतून धूळ आत ओढली जात नाही. आणि यूपीएस प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे सरकारी लाइटीसारखीच गुळगुळीत लहर देणारा. लाइट गेली की साध्या यूपीएसवर चांगले एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारे डबे) सुद्धा कधीकधी दगा देतात, मशीन जागच्या जागी रीस्टार्ट होतं. हा खर्च लोकांना शेवटी आठवतो, आम्ही कोटेशनमध्ये पहिल्या ओळीत लिहितो.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेले कॅबिनेट आमच्याकडे रांगेने आले. पार्ट नवे मिळतात, पण हार्डडिस्कमधली वर्षानुवर्षांची ड्रॉइंग कुठून आणायची? आता डिझाइनच्या प्रत्येक मशीनबरोबर बॅकअपची एक डिस्क देतो, ती दुसऱ्या जागी, वरच्या मजल्यावर ठेवायच्या बोलीवर.

सध्या डोकेदुखी रॅमची. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीची मागणी वाढवली आणि २०२५ च्या अखेरीपासून भाव असे चढले, की मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यासारखा रोज नवा आकडा. त्यामुळे कोटेशनवर रॅमपुढे ‘आजचा भाव’ असा शिक्का मारतो, आणि ज्याची फाईल ३२ जीबीत भागते त्याला ६४ घ्यायला लावत नाही. वाढवायची झालीच तर भाव उतरले की बघू.