म्हैसूरला पाहिलेला दिवा

बुधवार, रात्री साडेदहा

म्हैसूरच्या सहलीहून येऊन दोन दिवस झाले. बॅग अजून उपसलेली नाही. म्हैसूरपाक तेवढा शेजारीपाजारी वाटून झाला. सगळे विचारतात, काय काय बघितलंस? मी राजवाडा, चामुंडीची टेकडी, वृंदावन गार्डन असं सांगून मोकळी होते. जे खरं सांगायचंय ते कुणालाच धड सांगता आलेलं नाही, म्हणून इथे लिहून काढते.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक जुनं कॅलेंडर आहे. तारखांची पानं कधीच गेली, वरचं चित्र तेवढं राहिलंय. हातात दिवा धरून उभी असलेली बाई, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. आज्जी तिला ‘रविवर्म्याची बाई’ म्हणायची. आम्हीही तेच म्हणत आलो. ड्रॉइंगच्या हायर परीक्षेआधी मी त्या चित्राची चार वेळा नक्कल केली. चारही वेळा उजेडाच्या जागी पिवळा पोस्टर कलर, त्यावर पांढरा.

ते चित्र रविवर्म्याचं नाहीच, हे मला जाताना बसमध्ये कळलं. हुबळी मागे पडली होती, अर्धी पोरं झोपलेली. सर म्हणाले, चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. जन्म १८८२, गाव सावंतवाडी. १९४५-४६ च्या सुमाराचं चित्र, आणि तेही जलरंगात. जलरंगापेक्षा मला सावंतवाडीचंच जास्त नवल वाटलं. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी! माझी मावशी तिकडेच दिलीय. आणि दिवा धरून उभी राहिलेली ती हळदणकरांची मुलगी, गीता. त्या पुढे गीता उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, तिथेच गेल्या. आम्ही दर वर्षी अंबाबाईला कोल्हापूरला जातो. म्हणजे त्या बाई त्याच गावात होत्या आणि मी इकडे कॅलेंडरसमोर पाटी घेऊन त्यांचं नाक गिरवत होते. हे ऐकल्यावर मला रात्रभर झोप आली नाही.

म्हैसूरचा जगनमोहन पॅलेस १८६१ मधला. १९१५ पासून तिथे चित्रं आहेत, आमच्या कॅलेंडरवरच्या बाईचं मूळ चित्रही तिथेच. रविवर्म्याची अस्सल तैलचित्रंही तिथेच पाहिली. १८९४ साली त्यांनी मुंबईकडे छापखाना काढला आणि त्या छापांमुळे देव घरोघरी भिंतीवर आले. आमच्या देवघरातली लक्ष्मी त्याच कुळातली. छापात जरीचा काठ म्हणजे एक सरळ पिवळी पट्टी असते. इथे नाक लागेल इतकं जवळ गेल्यावर काठ असा दिसेचना, नुसते रंगाचे सुटे ठिपके, काही तर मातकट. दोन पावलं मागे आले की जर चमकायला लागायची. मी चार-पाच वेळा पुढे-मागे केलं. मैत्रीण म्हणाली, “अगं लोक बघायलेत.” बघू देत की.

मग दिव्याचं चित्र. तिथे उजेड मुद्दाम कमी ठेवलेला होता. आत गेल्या गेल्या पोरांनी मोबाइल वर केले, तसा राखणदार ओरडला, “फोटो तेगीबेडी!” मग त्यांचा रस गेला आणि ती पुढच्या दालनात पळाली. मी राहिले.

कॅलेंडरवरची बोटं नारिंगी आहेत, गाजरासारखी. इथल्या बोटांच्या कडा तांबूस होत्या, आरपार दिसतील अशा. रात्री बॅटरीवर तळहात धरला की दिसतं ना, तशा. चेहऱ्यावरचा उजेड खालून वर येत हळूहळू विरत जातो, तो नेमका कुठे संपतो ते मला शोधून सापडलं नाही. ज्योतीजवळ रंग इतका पातळ की उजेड रंगातून नव्हे, कागदातूनच येतोय असं वाटत होतं. तेव्हा माझी चारही चित्रं का मेलेली दिसत होती ते मला कळलं. जलरंगात पांढरं म्हणजे कागद. एकदा त्यावरून कुंचला गेला की तो पांढरेपणा परत येत नाही. उजेडाची जागा आधी ठरवायची, ती राखायची, आणि काळोख भोवतीने थरावर थर वाळवत आणायचा. मी आधी सगळं रंगवून वरून उजेड थापत होते.

किती वेळ उभी होते कोण जाणे. राखणदार जवळ आला. मला वाटलं हाकलतोय, पण तो हळू आवाजात म्हणाला, “नोडम्मा, अवसर इल्ला.” बघ बाई, घाई नाही.

घाई होतीच मात्र. अर्ध्या तासात शिट्टी वाजली. सहल आखणाऱ्यांनी रेशमाच्या साड्यांच्या दुकानाला अडीच तास ठेवले होते आणि या सगळ्या चित्रांना मिळून पाऊण तास. मला याचा राग आला, अजून आहे. आमच्यातल्या कितीजणांचे पाय तिथे पुन्हा लागणार आहेत? सहाशे किलोमीटर काय रोज होतात?

परतीच्या प्रवासात सरांना विचारलं, आता काय करू? ते म्हणाले, आपल्या बेळगावात के. बी. कुलकर्णींनी चित्रमंदिर नावाची चित्रकलेची शाळा चालवली, चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. छापावरून काढणं पुरे झालं, माणूस बसव समोर.

म्हणून आज जेवणं झाल्यावर आईला देवघराजवळ उभं केलं. हातात पितळेचं निरांजन दिलं, दिवे घालवले. आधी लाजली, पदर सारखा केला. मी कागद ओला करून ज्योतीची जागा सोडली. पहिल्या थराला रंग पळाला आणि दोन बोटांमधली पांढरी फट बुजली. दुसरा कागद घेतला. या खेपेला फट राहिली. आईच्या बोटांच्या कडा खरंच तांबड्या दिसत होत्या. इतकी वर्षं त्या हातचं खाल्लं, पण ते हात असे कधी पाहिले नव्हते.

“झालं काय गं? हात भाजायलाय.”

“अजून थोडं, आई. हलू नको की.”